दीड अंशाची हिरवळ

वेधशाळेच्या आवारात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला दशांश म्हणत. त्यामागचं कारण साधं होतं. तापमापक वाचताना आधी दशांश वाचायचा आणि मग पूर्ण अंश, हे त्याला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. माणूस जवळ गेला की त्याच्या अंगाची ऊब पाऱ्याला लागते आणि सगळ्यात आधी हलतो तो दशांश. अंश कुठे पळून जात नाही. बाकीचे लोक हा नियम परीक्षेपुरता पाठ करतात, याने तो अंगात मुरवला होता. किती वाजले विचारलं तर म्हणायचा, "सतरा मिनिटं, चार वाजून." शिपाई म्हणायचा, "याला मुलगी झाली असती तर याने आधी वजनातले ग्रॅम सांगितले असते, मुलगी झाली हे नंतर."

त्याला मूलबाळ नव्हतं. बायको लग्नानंतर सहाव्या वर्षी आजारात गेली. उरली ती त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच याला वाढवलं आणि कपड्यांना इस्त्री करून शिकवलं. ताई आता अठ्ठावन्न वर्षांची होती आणि अजून इस्त्रीच करत होती, फक्त घरात न करता तयार कपड्यांच्या कारखान्यात. तिथल्या पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये बत्तीस टेबलं होती, बत्तीस वाफेच्या इस्त्र्या होत्या, आणि डोक्यावर एक साधा पत्रा.

दशांशचं काम दोन खोल्या आणि एका चौकोनात मावत होतं. एका खोलीत वह्या, दुसऱ्या खोलीत संगणक आणि तो गार ठेवणारं वातानुकूलन यंत्र. मागच्या बाजूला तारेचं कुंपण घातलेला चौकोन होता आणि त्याच्या मधोमध झडपांची पांढरी लाकडी पेटी, चार पायांवर छातीइतकी उंच. झडपांतून वारा आत जातो, ऊन जात नाही. आत तापमापक. त्यातला एक दिवसभरातला सर्वांत वर गेलेला पारा धरून ठेवतो, खाली येऊ देत नाही. संध्याकाळी साडेपाचला पेटीचं दार उघडायचं, श्वास रोखायचा, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा, दशांश, मग अंश. वहीत लिहायचं, मोबाइलवरून पाठवायचं, आणि तापमापक झटकून उद्यासाठी मोकळा करायचा. सत्तावीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. बायकोला पोचवून आला त्या संध्याकाळीही त्याने साडेपाचची नोंद घेतली होती. लोकांनी तेव्हा नावं ठेवली. ताई म्हणाली होती, "ठेवू देत. त्याला तेवढीच एक भिंत आहे टेकायला."

दोन वर्षांपूर्वी एक तरुण शास्त्रज्ञ बाई संस्थेतून आली. आठवडाभर त्या वह्यांच्या खोलीत बसली, एकेक पान फोटोत घेतलं, आणि जाताना म्हणाली, "काका, असं सलग दप्तर मी कुठे पाहिलं नाही. यातून काहीतरी मोठं निघेल." आणि खरंच निघालं. दशांशच्या वह्या आणि सरकारी दवाखान्यातल्या मृत्यूंच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं, की पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला की दुसऱ्या दिवशी माणसं जास्त मरतात. त्यावरून शहराने उष्णतेचा आराखडा केला. नियम एका ओळीचा होता. वेधशाळेच्या पेटीत त्रेचाळीस किंवा वर नोंद झाली की शहरात लाल इशारा. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ते चार उन्हातलं आणि पत्र्याखालचं सगळं काम बंद, मजुरी मात्र चालू.

दशांशने तो कागद ताईच्या खोलीवर नेऊन तिला वाचून दाखवला होता. ज्या पोराला तिने वाढवलं त्याच्या अक्षरातून एक कायदा निघाला होता. ताईने कागद हातात घेतला, उलटा करून मागचं कोरं पान बघितलं आणि म्हणाली, "बरं. म्हणजे आता ऊन तुझ्या परवानगीने पडणार."

पण लाल काही येईना.

पहिला उन्हाळा बेचाळीस पॉइंट आठवर थांबला. दुसऱ्या उन्हाळ्यात बेचाळीस पॉइंट सहा, चार, सात, परत सहा. उद्यान खात्याने चौकात फलक लावला, 'आमच्या वृक्षलागवडीमुळे शहर त्रेचाळीसच्या आत'. फलकाखाली सावलीला झाड नव्हतं, त्यामुळे तो वाचायला कुणी थांबत नसे. इस्त्रीच्या शेडमध्ये बायका रोज सकाळी मुकादमाला विचारायच्या, "लाल आला का?" मुकादम हात वर करून म्हणायचा, "मला काय विचारता? हिच्या भावाला विचारा. तो काढतो तो आकडा." मग एकतीस तोंडं ताईकडे वळायची.

"बाई, तुझा भाऊ कंजूस आहे का गं?" एक जण म्हणायची. "पॉइंट चारच तर पाहिजेत. उसने मागतो का म्हणावं, आम्ही देतो."

ताई हसायची. पण दुसऱ्या उन्हाळ्याच्या मध्यावर एका दुपारी ती शर्टाची कॉलर दाबता दाबता टेबलावरच कलली. इस्त्री हाताजवळ तशीच वाफ सोडत राहिली. शेजारणीने ओढली म्हणून मनगटावर निभावलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्यांदा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. दुपारी काम करायचं नाही. घाम यायचा थांबला की ऊन डोक्यात चढलं समजा." ताईने मान डोलावली आणि चौथ्या दिवशी कामावर गेली. दुपारी काम न करणाऱ्या बाईला तिथे सकाळचंही काम मिळत नसे.

"घरी बस," दशांश म्हणाला. "माझ्या पगारात दोघांचं भागतं."

"आणि मी काय करू? तुझ्या भिंती मोजू? हात थांबला की माणूस थांबतो रे." मग त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "एक आकडा तर लिहायचा असतो. दोनाच्या जागी..."

"ताई."

"नाही म्हणत मी. नुसतं म्हणून बघितलं."

"एक खोटा लिहिला ना, तर सत्तावीस वर्षांचे सगळे खोटे ठरतात. मग त्या कायद्याला आधार कशाचा?"

"बरोबर आहे," ताई म्हणाली. ती हे मनापासून म्हणाली, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं.

त्यानंतरच्या रविवारी ती त्याचा डबा घेऊन वेधशाळेत आली. इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा आली होती तेव्हा तिथे नुसती ठणठणीत कोरडी माती होती. आता कुंपणाच्या आत हिरवीगार, एकसारखी कापलेली हिरवळ होती. ती दशांशची लाडकी होती. आठ वर्षांपूर्वी तपासणीला आलेले अधिकारी म्हणाले होते, "नोंदी उत्तम आहेत, पण आवार किती उजाड! जरा हिरवं करा." त्याने ते मनावर घेतलं. उन्हाळ्यात पाण्याची बोंब, म्हणून त्याने संगणकाच्या खोलीतल्या वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारं पाणी कॅनमध्ये साठवायला सुरुवात केली. रोज चार कॅन भरायचे. ते तो रोज दुपारी, ऊन कडक असताना, हिरवळीला घालायचा, कारण तेव्हाच ती बिचारी माना टाकायची. पुढच्या वर्षी त्याला 'सर्वोत्तम राखलेलं केंद्र' म्हणून ढाल मिळाली. ती वह्यांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली होती.

ताईने चपला काढल्या आणि हिरवळीवर पाय ठेवला. डोळे मिटले.

"इथं किती गार आहे रे," ती म्हणाली. मग डोळे उघडून तिने पेटीकडे पाहिलं, पायाखाली पाहिलं. "आणि तू इथे ऊन मोजतोस?"

"पेटी सावलीत असते ताई. ऊन नाही, हवा मोजतात."

"तेच म्हणते मी. ओल्या कापडाला इस्त्री लावली की कापड तापत नाही. आधी पाणी उडतं, कापड तोवर गार. पाणी संपलं की मग चटका. तू सगळं कापड ओलं करून ठेवलंयस आणि विचारतोस, इस्त्री तापली का नाही."

दशांशच्या हातात डबा होता. त्याने तो उघडला नाही.

ती गेल्यावर त्याने वह्या काढल्या. पहिली एकोणीस वर्षं एका बाजूला, हिरवळीची आठ दुसऱ्या बाजूला. त्याच पेटीत एक तापमापक ओल्या फडक्यात गुंडाळलेला असतो. हवा कोरडी असली की तो साध्यापेक्षा खूप खाली राहतो, दमट असली की थोडाच. जुन्या उन्हाळ्यांत दोघांत एकोणीस-वीस अंशांचं अंतर असायचं. हिरवळीनंतर सोळा-सतरा. पेटीभोवतालची हवाच ओली झाली होती, आणि हे त्याच्याच अक्षरात आठ वर्षं लिहिलेलं होतं. त्याने प्रत्येक आकडा नीट वाचला होता. सगळे मिळून काय म्हणतात, ते ऐकायचं राहून गेलं होतं.

तरी तो दशांश होता. संशयावर विश्वास ठेवणारा नव्हता. कोठारात मोडीत काढलेली एक जुनी पेटी आणि एक जुना तापमापक होता. तो त्याने पेटीतल्या तापमापकाशी पडताळून घेतला आणि जुन्या पेटीत घालून गोदामामागच्या उघड्या मातीवर ठेवला. दहा दिवस दोन्ही वाचले. रोज मातीवरचा वर. सरासरी फरक एक पॉइंट चार. म्हणजे हा सगळा उन्हाळा चव्वेचाळीसचा होता. लाल इशारा एकदा नाही, एकवीस वेळा यायला हवा होता. ताई कललेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी वहीत बेचाळीस पॉइंट सात होतं. त्याने त्याच पानावर पेन्सिलीने बेरीज केली आणि मग ती खोडायचं धाडस त्याला झालं नाही.

त्याने साहेबांना पत्र लिहिलं. चूक माझी आहे, हिरवळ मी लावली, दहा दिवसांचे आकडे सोबत जोडले आहेत. शिपाई म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण! ढाल परत मागतील."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने पत्र दोनदा वाचलं. "तुझं बरोबर असेल. पण नोंदीत दुरुस्ती करायची तर दोन जागी दोन वर्षं समांतर वाचन लागतं. दहा दिवसांवर मी एक अंशसुद्धा हलवू शकत नाही."

"साहेब, माणसं या उन्हाळ्यात आहेत."

"मला काय कळत नाही का? पण उद्या कुणी दुसऱ्या गावातून पत्र लिहील की माझा पारा दोन अंश जास्त दाखवतो, कमी करा. त्याला मी काय सांगू? नियम तुझ्यासारख्यासाठी नसतो रे. तुझ्यासारखा नसलेल्यासाठी असतो."

साहेबाच्या जागी दशांश असता तर तोही हेच म्हणाला असता.

त्याने शास्त्रज्ञ बाईला फोन केला. तिने दहा दिवसांचे आकडे लिहून घेतले. मग म्हणाली, "काका, त्रेचाळीसची मर्यादा मी तुमच्या जुन्या वर्षांवरून काढली. उघड्या मातीच्या. दवाखान्याच्या त्याच वर्षांच्या नोंदी संगणकात चढवलेल्या होत्या, नंतरच्या कुणी चढवल्याच नाहीत. म्हणजे मर्यादा मातीची आणि मोजमाप हिरवळीचं. मी इथे येऊन आवार बघितलं होतं. मला दिसायला हवं होतं."

"मला आठ वर्षं दिसत होतं मॅडम. मीच पाणी घालत होतो."

"मी समितीपुढे ठेवते."

"समिती कधी बसते?"

"पावसाळ्यानंतर."

"उन्हाळ्याची समिती पावसाळ्यानंतर," दशांश म्हणाला. "ठेवा. बैल गेल्यावर गोठ्याला दार चांगलं बसतं."

सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला तो फावडं घेऊन आला. हिरवळ ओली होती, मुळं खोल गेलेली. एकेक पट्टा सोलून काढताना फाडकन आवाज यायचा, जुनं कापड उसवल्यासारखा. दहापर्यंत चौकोन उघडा झाला. शिपाई कुंपणापलीकडे उभा होता. तो चेष्टा करायला आला होता. पण न करताच आत गेला आणि चहा घेऊन आला. दशांशने गेल्या आठ वर्षांत पहिल्यांदा चारही कॅन भरलेले तसेच ठेवून दिले.

माती तीन दिवसांत सुकली. चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला त्याने दार उघडलं. श्वास रोखला. दशांश तीन. अंश त्रेचाळीस.

त्याने परत वाचलं. आकडा खरा होता. त्यात त्याचा श्वास नव्हता, हात नव्हता, मनातली इच्छासुद्धा नव्हती. त्याने तो लिहिला आणि पाठवला.

दहा मिनिटांनी मोबाइल वाजला. पडद्यावर लाल चौकट होती. 'नोंद संशयास्पद. शेजारच्या केंद्रांशी आणि या केंद्राच्या मागील नोंदींशी जुळत नाही. केंद्राच्या जागेत काही बदल झाला आहे का? हो / नाही. अर्ध्या तासात उत्तर द्या.'

'हो' लिहिलं तर काय होतं हे त्याला पाठ होतं. नोंद रोखली जाते, केंद्र तपासणीपर्यंत बाजूला, त्या जागी शेजारच्या केंद्रांवरून काढलेला आकडा. तो बेचाळीसच्या आसपास येणार. लाल नाही. 'नाही' लिहिलं तर नोंद पक्की, आणि उद्या बारा ते चार शहरभर इस्त्र्या, फावडी, भट्ट्या बंद.

आकडा खरा होता. खोटं बोलायचं होतं ते फक्त मातीबद्दल.

तो त्या उघड्या चौकोनात वीस मिनिटं उभा राहिला. सत्तावीस वर्षांत त्याला कुणी प्रश्न विचारला नव्हता. नुसते आकडे मागितले होते. शेवटी त्याने बोट ठेवलं. 'नाही.'

सात वाजता इशारा निघाला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ताई त्याच्या खोलीवर आली, कारण तिच्या खोलीवरही पत्राच होता. "आला रे तुझा लाल," ती म्हणाली. "मुकादमाचं तोंड बघायला हवं होतंस. बंद इस्त्रीने भाजल्यासारखं झालं होतं." तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, जमिनीवर चटई अंथरली आणि बोलता बोलता झोपली. दशांश जेवायच्या सुट्टीत घरी आला होता. थोड्याच वेळात ती घोरायला लागली. त्याने ताईला दिवसा झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. झोपेतसुद्धा तिचा उजवा हात मधून मधून पुढे-मागे सरकत होता. तो दाराशी बसून ते बघत राहिला. नोंद करण्यासारखं काही नव्हतं, तरी त्याने घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं, दोन वाजून.

असे तीन दिवस मिळाले, तीन दुपारी. चौथ्या दिवशी तपासणी आली.

अधिकारी तेच होते, ज्यांनी हिरवं करायला सांगितलं होतं. त्यांच्या हातात ढालीच्या वेळचा फोटो होता. त्यांनी फोटो बघितला, माती बघितली. साहेब मान खाली घालून उभा होता.

"खणलंत ते चुकीचं म्हणता आलं नसतं," अधिकारी म्हणाले. "फोनवर 'नाही' का लिहिलंत?"

दशांश मातीकडे बघत राहिला.

"बोल ना रे!" साहेब एकदम ओरडला. "खड्डा मी झाकला असता! म्हटलं असतं देखभाल केली. पण तू लेखी 'नाही' दिलंस. आता कुणी विचारलं की याआधी हा माणूस किती वेळा असं बोलला, तर मी छातीवर हात ठेवून काय सांगू?"

"एकदाच," दशांश म्हणाला.

"मला माहीत आहे रे. कागदाला माहीत नाही."

आठवड्यात आदेश आला. दशांश निलंबित. सत्तावीस वर्षांच्या वह्या मोहोर लावून कपाटात, चौकशी पूर्ण होईपर्यंत अविश्वसनीय. आणि स्थानिक मर्यादेचा आधारच संशयित ठरल्यामुळे शहराला तोवर सर्वसाधारण मर्यादा लागू. पंचेचाळीस. ती कुठून आली हे कुणाला माहीत नव्हतं. पण ती कुणा एका माणसाच्या अक्षरात नव्हती, म्हणून तिच्यावर कुणाचा राग नव्हता.

शास्त्रज्ञ बाईचा फोन आला. तिचा आवाज बसला होता. "काका, 'हो' लिहिलं असतंत तर मी भांडले असते. जिंकलेही असते."

"जिंकला असतात मॅडम. पावसाळ्यानंतर."

"आणि आता पावसाळ्यानंतरही नाही," ती म्हणाली.

त्यानंतरच्या दिवसांत पारा रोज मातीचा खरा आकडा सांगत होता. नवा माणूस तो वाचत होता. त्रेचाळीस पॉइंट सहा. त्रेचाळीस पॉइंट नऊ. चव्वेचाळीस पॉइंट एक. लाल नाही. मुकादम आता बायकांच्या विचारण्याआधीच सांगायचा, "पंचेचाळीस लागतंय हो! भावाची कृपा!"

ताईने भावाला एका शब्दाने दोष दिला नाही. ती फक्त कामावर जात राहिली. एका संध्याकाळी तिला जिना चढताना चौथ्या पायरीवर बसावं लागलं. दशांश दोन पायऱ्या खाली येऊन तिच्या शेजारी बसला.

"ताई, तुझ्यासाठी केलं आणि तुलाच आगीतून फुफाट्यात टाकलं."

"मला एकटीला कुठे? सगळ्या शहराला टाकलंस," ती म्हणाली. "माणसाने चूक करावी तर अशी, एकेकटीचा हिशोब राहत नाही." ती हसली, मग खोकली. "ते तुझं पाणी कुठे जातं आता?"

"कुठलं?"

"यंत्रातलं. चार कॅन."

"गटारात."

"मग गटाराला ऊन लागतंय का?"

दुसऱ्या दिवशी तो वेधशाळेच्या मागच्या कुंपणाशी गेला. पेटीजवळ जायला त्याला बंदी होती. पाण्याबद्दल आदेशात काही लिहिलं नव्हतं. शिपायाने कॅन तारेवरून दिले. "आधी कुठल्या कॅनचा दशांश घेणार?" असं विचारायला त्याने तोंड उघडलं आणि दशांशचा चेहरा बघून म्हणाला, "उद्यापासून मी सात वाजताच भरून ठेवतो." सायकलला दोन्ही बाजूंना एकेक, अशा दोन खेपा.

शेडच्या दाराशी मुकादमाने अडवलं. "कुठे निघालास?"

"पत्र्यावर."

"पडलास तर मी तुला ओळखत नाही."

"आजही कुठे ओळखतोस?"

मुकादम बाजूला झाला. शिडी लाकडी होती, तीही तापलेली. वर पत्रा असा होता की चपलेचा तळ चिकटत होता. त्याने पहिला कॅन सरळ ओतला. पाणी चर्रर्र वाजलं, पन्हळीतून धावलं आणि कडेला पोचायच्या आत निम्मं उडून गेलं. खालून ताईचा आवाज आला, "अरे वेड्या, नुसतं ओतू नकोस! पसरायला काहीतरी घे!" बायकांनी खालून टेबलांवरच्या जुन्या, जळलेल्या घोंगड्या दिल्या; इस्त्रीखाली अंथरतात तशा, जाड. चार होत्या. त्याने त्या चार टेबलांच्या वर पत्र्यावर अंथरल्या आणि भिजवल्या. पहिली ताईच्या डोक्यावर.

मोडीत काढलेला तापमापक त्याच्याकडेच राहिला होता. मोडीतला असल्यामुळे तो कुणी परत मागितला नव्हता. तो त्याने आधीच ताईच्या टेबलावरच्या खिळ्याला टांगला होता. घोंगडीआधी आठ, सेहेचाळीस. तो खाली उतरला, श्वास रोखून वाचलं. नऊ. चव्वेचाळीस.

दोन अंशांना एक दशांश कमी. जे पाणी आठ वर्षं चुकीच्या जागी पडलं होतं, ते आता या पत्र्यावर पडत होतं. पण बत्तीस टेबलांपैकी चारांवर.

तिसऱ्या दिवसापर्यंत बायकांच्या नजरा वर जायला लागल्या. पलीकडच्या टोकाला, भिंतीकडे, जिथे वारा अजिबात पोचत नाही, तिथे एक नवी बाई होती. बाळंतपणातून उठून महिनाही झाला नव्हता. ती काम करताना एका हाताने टेबल धरून असायची.

दशांश चौथा कॅन रिकामा करून वरच बसला होता. पत्र्यातल्या खिळ्याच्या भोकातून त्याला ताईचं डोकं दिसत होतं.

"धाकट्या," ताईने खालून हाक मारली. "माझ्यावरची काढ. टोकाला टाक."

त्याने ऐकलं नाही असं केलं.

"तुझ्याशी बोलतेय मी. भिंतीकडची. तिच्यावर टाक."

"तुला डॉक्टर काय म्हणाले?" तो भोकाशी वाकून ओरडला. "दुसऱ्यांदा झालं तर? मी सगळं कशासाठी..." पुढचं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. त्या वाक्यात सत्तावीस वर्षं होती, वह्यांचं कपाट होतं, पंचेचाळीस होतं.

शेडमधल्या इस्त्र्या थांबल्या होत्या. एकतीस बायका वर बघत होत्या. मुकादमसुद्धा.

"कशासाठी ते मला माहीत आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता. "तरी टाक."

लहानपणी ती हाच आवाज काढायची, दिवा विझवून झोप म्हणताना. त्याने ओली घोंगडी दोन्ही हातांनी उचलली. तिच्याखालचा पत्रा काळसर, ओला होता. तो बघता बघता कडेपासून पांढरा होत गेला, आणि ताई उभी राहायची त्या जागेवरचा शेवटचा ओला ठिपका एखाद्या श्वासाएवढ्या वेळात गेला. घोंगडी ओढत तो टोकापर्यंत गेला. गुडघे भाजत होते. अंथरली. त्यावर घालायला पाणी उरलं नव्हतं.

तो शिडीवरून उतरून आत आला. ताईच्या टेबलाशी थांबला. खिळ्यावरचा पारा चढत होता; डोळ्यांना दिसेल इतका. दशांश धरावा तर हातात राहत नव्हता. त्याने श्वास रोखला आणि थांबून राहिला, तो कुठे तरी स्थिर होईल म्हणून.

ताईने पुढचा शर्ट ओढून टेबलावर पसरला. तिच्या कपाळावर घाम नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"वाचत बसू नकोस," ती म्हणाली. "पाणी आण."